शेवंती नावाची आकडी

पारनाक्याकडून कल्याणच्या बाजारात उतरताना एका भांडीवाल्याला खेटून मारुती पांचाळाचं कुलपांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या. दुकान खरं तर त्याच्या सासऱ्याचं, राघो पांचाळाचं. मारुती पोरका होऊन मुरबाडकडून आला, राघोच्या हाताखाली काम शिकला, राघोच्या मालनशी त्याचं लग्न झालं आणि तो तिथलाच होऊन गेला. राघो आदल्या वर्षी वारला. मागे राहिली त्याची म्हातारी बायको रखमाबाई, मालन, मारुती आणि खाकी कापडाची एक गुंडाळी.

त्या गुंडाळीत राघोच्या आकड्या होत्या. किल्ली हरवलेलं कुलूप न फोडता उघडायचं तर आत काहीतरी बारीक, वाकवलेलं सरकवावं लागतं. त्या वाकवलेल्या पोलादी काड्यांना राघो आकड्या म्हणायचा. मोडक्या घड्याळांच्या कमानी, छत्रीच्या काड्या, जे हाती लागेल ते तापवून, ठोकून, कानशीनं घासून त्यानं त्या केलेल्या. प्रत्येकीला नाव होतं. लांब मानेची आणि टोकाशी खाली वळलेली तो बगळा. टोक एका बाजूनं फुगीर ती कोयरी. वळणं घेत गेलेली ती नागीण. दातेरी ती करवत.

ही नावं काही हौसेनं ठेवलेली नव्हती. कुलपाच्या आत पातळ पट्ट्या असतात, त्या सगळ्या उचलून धरल्या तरच ते उघडतं, पण आत डोळा पोचत नाही. काय कळायचं ते बोटांना कळतं. एकदा आतली पट्टी बोटाला लागली, की मान वळवायची सोय उरत नाही. नजर तिथंच ठेवून मागे हात करायचा आणि मागायचं. देणाऱ्याला बघताक्षणी वस्तू ओळखता आली पाहिजे, म्हणून जो आकार तेच नाव. देणारी होती मालन. लहानपणी ती बापाच्या मागे बसून आकड्या द्यायची, आता नवऱ्याला देत होती. "बगळा," मारुती म्हणायचा, की बगळा तळहातावर. "कोयरी," की कोयरी.

एकीचंच काय ते कोडं होतं. तिचं नाव शेवंती. फुलाचं तिच्यात काही नव्हतं. करंगळीएवढी लांब, टोक दोनदा वाकलेलं, आधी आत आणि मग जरासं बाहेर. कुणी बोटानं जवळ बोलवावं तसं. राघोनं ही आकडी कधी मालनकडे मागितली नाही. लागली तर तो स्वतः उठायचा, स्वतः घ्यायचा, आणि काम झालं की धोतराच्या सोग्याला पुसून जागच्या जागी ठेवायचा.

"मामा, हिला शेवंती का म्हणायचं?" मारुतीनं एकदा विचारलेलं.

राघो कानस चालवत होता. ती न थांबवता तो म्हणाला, "बाकीच्यांना आकारावरून नाव मिळालं. हिला नावावरून आकार मिळाला."

मालनला एवढंच ठाऊक होतं की तिच्या आधी शेवंती नावाची एक बहीण झाली होती आणि ती लहानपणीच तापानं गेली. बापानं आठवण म्हणून नाव ठेवलं असेल, असं ती म्हणायची. घरात त्यावर कुणी बोलत नसे.

सासरा गेल्यावर गुंडाळी मारुतीकडे आली, आणि हळूहळू एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. ट्रंक असो, कपाट असो, दुकानाचं शटर असो, शेवंती त्यात घातली की मेल्यासारखी पडायची. पण दूधनाक्यावर एका मुलानं सवयीनं बाहेरून कुलूप लावलं आणि म्हातारी आई आत राहिली, तेव्हा सगळ्या आकड्या दमल्या, आणि शेवंती घातल्याबरोबर कुलूप उघडलं. पुन्हा एकदा टिळक चौकात एक बाळंतीण आत कोंडली गेली, तेव्हाही तसंच. मारुतीला ते नीट सांगता आलं नसतं. कुणी माणूस आत असलं तरच ही चालते, असं काही आपण बायकोला सांगितलं तर ती हसेल, असं त्याला वाटायचं. म्हणून तो बोलला नाही.

त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात ठाण्याच्या कोर्टाचे बेलिफ त्र्यंबकराव दुकानात आले. राघोच्या वेळेपासून त्यांची ओळख. बाळकुमला एक घर उघडायचं होतं. मालक म्हातारा, एकटा राहायचा, मुंबईला दवाखान्यात वारला. किल्ली कुठं गेली कुणाला पत्ता नाही. दोन वर्षं घर बंद. आता कोर्टानं ते पुतण्याच्या ताब्यात द्यायला सांगितलं होतं.

"दार फोडायचं नाही म्हणतो पुतण्या," त्र्यंबकराव म्हणाले. "सागवानी आहे. तू चल."

ठाणे स्टेशनाबाहेर पुतण्या उभाच होता, बाळ कर्णिक, डोंबिवलीला राहणारा, पांढरा शर्ट इस्त्रीचा, बोलायला गोड. तिघं टांग्यातून बाळकुमला गेले. रस्ता भातखाचरांतून जात होता; खाचरं वाळून भेगाळलेली, पलीकडे मिठागरांचे पांढरे ढीग आणि त्यांच्यापलीकडे खाडी. गाव एरवी दुपारी ओट्यांवर बसलेलं असायचं, पण त्या दिवशी ओटे रिकामे होते. टांगेवाल्यालाही ते जाणवलं. "माणसं कुठं गेली सगळी?" तो म्हणाला आणि घोड्याला पाणी दाखवायला गेला.

घर गावाच्या कडेला होतं, कौलारू, दगडी जोत्याचं. खिडक्या आतून लावलेल्या. एका बाजूनं फणसाचं झाड थेट कौलांवर झुकलं होतं. दाराच्या लाकडात विलायती कुलूप बसवलेलं. मारुतीनं उंबऱ्यासमोर बैठक मारली, गुंडाळी पसरली. मालन बरोबर नव्हती, म्हणून आज आकड्या आपल्या आपणच घ्यायच्या होत्या.

बगळा घातला. आतली पहिली पट्टी बोटाला लागली. ती त्यानं हलकेच उचलली, दुसरीकडे वळला, आणि पहिली खाली आली. कमान जोरात असली की पट्टी आपटते. ही आपटली नाही. उचललेलं भांडं कुणी परत फळीवर ठेवावं, तशी ती खाली ठेवली गेली. त्यानं पुन्हा उचलली. पुन्हा तेच. कोयरी घातली, नागीण घातली. घाम त्याच्या नाकावरून टपकत होता.

"काय रे, अवघड आहे का?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"बघतो साहेब."

त्याचा हात शेवंतीकडे गेला, तो त्यानं नेला असं त्याला वाटलं नाही. ती आत सरकली आणि बोटांना लगेच ओढ जाणवली. विहिरीत सोडलेल्या दोराला खालून कुणी हात लावावा, तशी. एकामागून एक पट्ट्या उचलल्या गेल्या, आणि दर पट्टीला तो निम्मंच बळ लावत होता. निम्मं पलीकडून येत होतं. कुलूप उघडलं. इतकं सहज, की मारुती मागे टेकला आणि दाराला हात न लावता तसाच बसून राहिला.

"वा!" बाळ कर्णिक म्हणाले आणि दार ढकलून आत गेले.

दारामागे कुणी नव्हतं. ओसरीवर धूळ, आणि धुळीवर पाऊल नाही. त्र्यंबकरावांनी गावातून पंच म्हणून बोलावलेले दोन म्हातारे मागोमाग शिरले. माजघर, स्वयंपाकघर, माडी, सगळं बघून झालं. सगळीकडे तोच कोंदट वास, माळ्यावर कबुतरांची फडफड. मारुती उंबऱ्यातच थांबला होता. आपली बोटं तो लेंग्याला पुसत होता, तरी ती ओढ बोटांतून जात नव्हती.

स्वयंपाकघराच्या मागे कोठीची खोली होती, भात साठवायची. तिला बाहेरून लोखंडी कुलूप, गंजून लाल झालेलं. मारुतीला आत बोलावलं. त्यानं बगळा घातला, करवत घातली. कुलूप हूं की चूं करेना. शेवंती वापरायची त्याला हिंमत झाली नाही. ती चालली असती तर काय समजायचं? त्यानं गुंडाळी बांधली.

"जाम झालंय. फोडावं लागेल."

"राहू द्या," बाळ कर्णिक म्हणाले. "काकांनी ती रिकामीच ठेवलेली. मी सुतार घेऊन येईन पुढच्या रविवारी."

बाहेरच्या दाराला बाळ कर्णिकांनी आपलं नवं कुलूप लावलं. कागदांवर सह्या झाल्या. टांगा निघाला.

गावाच्या वेशीवर एक माणूस आडवा आला. गुडघ्यापर्यंत चिखल, कमरेला पंचा, डोळे तांबारलेले. त्याच्या मागून आणखी दोघं बांधावरून धावत येत होते.

"पोर बगीतली का वो, साहेब? एवडीशी पोर. लाल परकर."

तो काळुराम, मिठागरावर काम करणारा. त्याची मुलगी चांगुणा आदल्या दिवशी सकाळी घरातून खेळायला गेली ती आलीच नव्हती. "सगला गाव खाडीन उतरलाय," तो म्हणाला. "जाल्या टाकल्या. काय गावत नाय." एवढं म्हणून तो पुढच्या रस्त्याकडे बघू लागला, आणि कुणी काही बोलायच्या आत पुन्हा पळायला लागला.

टांगा हलला. मारुती म्हणाला, "थांबव."

"काय झालं?" बाळ कर्णिकांनी विचारलं.

मारुती त्र्यंबकरावांकडे बघून म्हणाला, "साहेब, ते दार मी शेवंतीनं उघडलं."

बाळ कर्णिकांना काही कळलं नाही. त्र्यंबकरावांनी मात्र डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली. "राघोनं ती आकडी हातात घेतली की मी बोलायचं बंद करायचो," ते म्हणाले. "मानमोडीच्या तापाची साथ आली, त्याच्या पुढच्या सालात त्यानं त्या आकडीनं एक दार उघडलेलं, ठाण्यातच. आत एक माणूस बेशुद्ध पडलेला. सगळे म्हणत होते घर रिकामं आहे. मी विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, मला नाही कळलं." त्यांनी टोपी घातली. "कर्णिक, तुमची किल्ली द्या. आणि अरे टांगेवाल्या, त्या माणसाला हाक मार."

कोठीच्या दारापुढे मारुती गुडघ्यावर बसला. मागे काळुराम, त्याच्या मागे सगळे. कुलूप दाराच्या या बाजूला लोंबत होतं. आत कुणी असलं तरी त्याचा हात या कुलपापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. मारुतीनं ते डाव्या हातात धरलं आणि शेवंती आत घातली.

त्याच्या बोटांवर बोटं आली. बारकी, थंड, नखं वाढलेली. ती दिसत नव्हती, पण त्यांचं वजन होतं, आणि ती घाईत होती. कुलूप गळून त्याच्या मांडीवर पडलं.

चांगुणा कोपऱ्यात पडली होती. कबुतराची पिल्लं काढायला ती फणसावरून कौलांवर चढली होती. कौल सरकलं, माळ्याची कुजकी फळी मोडली आणि ती थेट खाली आली. पाय मोडलेला. ओरडून ओरडून आवाज बसलेला. वरच्या भोकातून कवडसा पडत होता, त्यात तिचा लाल परकर तेवढा दिसत होता. काळुरामनं तिला उचललं तेव्हा तो रडला नाही, नुसता "ए बाय, ए बाय," म्हणत राहिला.

त्याच टांग्यातून तिला ठाण्याला दवाखान्यात नेलं. बाळ कर्णिक मागे राहिले, त्यांनी आपली जागा काळुरामला दिली. वाटेत पाणी पाजल्यावर पोरीनं डोळे उघडले. ती मारुतीकडे बघत होती.

"ती कय गेली?" तिनं विचारलं. आवाज वाऱ्यासारखा.

"कोण गं?"

"ती पोरगी. कालोखान दारापाशी बसलेली. कायतरी खुडखुड खुडखुड करीत व्हती." पोरीनं ओठांवरून जीभ फिरवली. "बोलली, रडू नको. माजा बाबा आला का दार उघडतं."

काळुरामनं तिच्या कपाळावर हात ठेवला. "तापान बरलते," तो म्हणाला.

तिच्या अंगात ताप नव्हता. मारुतीला तिच्या पायाचा स्पर्श होत होता, तो गार होता.

पोर वाचली. पाय जरा वाकडा राहिला एवढंच, आणि पुढे काळुराम दर दिवाळीला मिठाचं एक गाठोडं घेऊन कल्याणला येत राहिला. पण त्या संध्याकाळी मारुती घरी आला तो दुकानात बसलाच नाही. मागच्या खोलीत रखमाबाई तांदूळ निवडत होती, मालन चुलीपाशी होती. त्यानं जे झालं ते सगळं सांगितलं. बायको हसेल हा विचारही आता मनात आला नाही.

मालन हसली नाही. पण मारुती तिच्याकडे बघतच नव्हता. रखमाबाईच्या हातातलं सूप कलतं झालं होतं, तांदूळ जमिनीवर सांडत होते आणि तिला त्याचं भान नव्हतं.

"बाबा आला का उघडतं, म्हणाली?" म्हातारीनं विचारलं.

"हो मामी."

"अजून वाट बघते म्हणजे."

मग तिनं ते सांगितलं. मानमोडीचं साल. ती स्वतः माहेरी होती, आजारी आईपाशी. राघो आणि सहा वर्षांची शेवंती इथंच, याच मागच्या खोलीत. ठाण्याहून कामाचं बोलावणं आलं. शेवंतीला तलावाचं वेड, डोळा चुकवून काठावर जायची. शेजारी कुणी धड नव्हतं, अर्धी आळी आजारी, अर्धी गाव सोडून गेलेली. राघोनं तिला भाकरी आणि पाणी ठेवलं, दुपारपर्यंत येतो म्हणाला आणि दार लावलं. कुलूप त्यानंच बनवलेलं, दाराच्या लाकडात बसणारं, दोन्हीकडून किल्लीचं भोक असलेलं. त्याला त्या कुलपाचा अभिमान होता. कुणाला उघडणार नाही म्हणायचा.

"हे ठाण्यात उतरले आणि रस्त्यातच पडले. मानमोडीनं. धर्मशाळेत लोकांनी नेऊन टाकलं. शुद्ध नाही, बोलणं नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी शुद्धीवर आले तेव्हा ओरडत उठले म्हणे." रखमाबाई सांडलेल्या तांदळांवरून हात फिरवत होती. "किल्ली अंगावरच्या कपड्यांबरोबर गेलेली. आल्यावर यांनी बिजागऱ्या उखडून दार काढलं. ती दारापाशीच होती. माझा केसातला आकडा घेऊन कुलपात घालत बसलेली असणार. आकडा भोकातच होता. असा वाकलेला." तिनं बोट दोनदा वाकवून दाखवलं. "यांनी तो काढला, बघितला. मला म्हणाले, रखमे, बरोबर वाकवलाय गं पोरीनं. जरा आणखी जोर असता बोटांत तर उघडलं असतं."

चुलीतलं लाकूड फुटलं. मालननं ते मागे ओढलं.

"त्या आकड्याबरहुकूम त्यांनी ती आकडी केली. आतल्या माणसाला बाहेर काढायलाच वापरायची, म्हणाले."

"आणि ते कुलूप?" मारुतीनं विचारलं.

"आहे. माझ्या ट्रंकेत. लावलेलंच आहे. यांना कधी उघडलं नाही. जन्मभर बघितलं करून."

मालन चुलीपासून वळली. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही ती आकडी घातली की दर वेळी ती आत असते. दर खोलीत तीच कोंडलेली."

रखमाबाई सांडलेले तांदूळ एकेक उचलून सुपात टाकू लागली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं. सकाळी मारुतीनं ट्रंकेतून कुलूप काढलं, तेल घातलं, पुसलं. पितळी, जड, चौकटीत अडकणारी जीभ बाहेर आलेली. त्यानं ते मांडीवर ठेवून शेवंती घालून पाहिली. काही नाही, नुसतं पोलाद पोलादाला घासत होतं.

"असं नाही उघडणार," मालन म्हणाली. "नुसतं कुलूप आहे ते. त्याच्या मागे दार नाही, आत कुणी नाही."

"मग?"

"दाराला बसवा. मी आत बसते."

मारुती नको म्हणाला. दोनदा म्हणाला. मालननं त्याच्याकडे बघितलंही नाही, ती मागच्या खोलीतली भांडी बाहेर आणून ठेवायला लागली. खिडकी लावली, फटीत कापड कोंबलं. मारुतीनं दाराचं लाकूड कोरून कुलूप बसवलं, चौकटीला जिभेसाठी खाच पाडली. मालन आत गेली. दार लागल्यावर त्यानं खाचेवर लोखंडी पट्टी ठोकली. आता कुलूप उघडल्याशिवाय किंवा दार मोडल्याशिवाय ती बाहेर येऊ शकत नव्हती. रखमाबाई दुकानाच्या उंबऱ्यावर बसली, पाय पसरून, तोंड आतल्या दाराकडे. बाहेर रस्त्यावर ऊन होतं, भांडीवाला ठोके घालत होता.

मारुतीनं शेवंती घातली. काही नाही. तो थांबला. पुन्हा घातली. पट्ट्या जागच्या जागी, कुणाचं बळ नाही, ओढ नाही.

मग आतून मालनचा आवाज आला. हळू, लहान मुलाशी बोलावं तसा. ती काही सांगत होती आणि मध्ये थांबत होती, उत्तर ऐकायला थांबावं इतकाच वेळ. एकदा ती हसल्यासारखी वाटली.

"मालन!" त्यानं हाक मारली.

आतलं बोलणं थांबलं. बाहेर भांडीवाल्याचे ठोकेही नेमके त्याच वेळी थांबले.

"तिला हाक मार," मागून रखमाबाई म्हणाली. "हे मारायचे तशी. शेवंते म्हणायचे."

मेलेल्या माणसाच्या आवाजात कसं बोलायचं ते मारुतीला ठाऊक नव्हतं. त्यानं तोंड किल्लीच्या भोकाजवळ नेलं. भोकातून गार हवा येत होती, उन्हाळ्याच्या दिवसात, बंद खोलीतून. "शेवंते," तो म्हणाला. "आलो गं. उशीर झाला. दार उघडतोय."

ओढ आली. कालच्यापेक्षा हळू. बोटांवर बोटं आली, पण या वेळी ती घाईत नव्हती. दमलेली होती. मारुतीनं आपलं बळ काढून घेतलं आणि आकडी नुसती धरून ठेवली. आतल्या बाजूनं एक पट्टी उचलली गेली, थोडं थांबून दुसरी. मग बराच वेळ काही नाही. त्यानं हात हलवला नाही. शेवटची पट्टी वर जाताना लाकडातून एक बारीक आवाज आला, आणि जीभ आत गेली.

मारुती गुडघ्यांवरच बाजूला सरकला आणि दार मालननंच आतून ढकललं. ती बाहेर आली तेव्हा तिचा अंबाडा सुटला होता, केस खांद्यावर पडलेले. तिनं डोक्याला हात लावून बघितलं.

"आकडा दिला मी माझा," ती म्हणाली. "तिनं मागितला."

पुढे खोली झाडून काढली, फरशीच्या फटी बघितल्या, तरी तो आकडा मिळाला नाही.

पण त्या वेळी कुणी खोलीकडे वळलं नाही. मारुती दारापाशी गुडघ्यावरच होता. उघड्या दारातून गार हवा त्याच्या कानाजवळून गेली आणि दुकानातल्या खिळ्यांना लटकवलेल्या किल्ल्या एकेक करून हलल्या. आधी आतल्या भिंतीवरच्या, मग मधल्या, मग रस्त्याकडच्या. रखमाबाई त्यांच्याकडे बघत होती. किल्ल्यांचा आवाज उंबऱ्याजवळ आला तसे तिनं पसरलेले पाय जवळ ओढून घेतले, लुगडं सावरलं आणि वाट करून दिली.